गोळी चालू आहे, मग माझी तीन वर्षं मोजायची की नाही?

पत्र (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय. एनए म्हणजे नार्कोटिक्स अनॉनिमस आणि एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, नशा आणि दारू सोडणाऱ्यांचे मदतगट. स्पॉन्सर म्हणजे तिथला वाट दाखवणारा जुना मेंबर. ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉइनची ओढ दाबणारं औषध.):

"ताई, मी ३३ वर्षांचा आहे, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. आधी दारू, मग हेरॉइन, दोन्ही भरपूर. गेली तीन वर्षं दोन्हीला हात लावलेला नाही. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू केलीय, ती रोज जिभेखाली ठेवतो. एनएच्या मीटिंगला नियमित जातो, आठवड्यातून एकदा एएलाही जातो. गेल्या महिन्यात एनएमध्ये तीन वर्षांचं मेडल घ्यायला उठलो तर एकाने सगळ्यांसमोर विचारलं, गोळी बंद झाली का? मी नाही म्हटलं. मग मेडल नाही, आणि यापुढे मी मीटिंग चालवायची नाही, शेअरिंगही करायचं नाही असं ठरलं. स्पॉन्सर म्हणतो गोळी सोड, मी सोबत आहे, पंधरा दिवसांत होऊन जाईल. एएमध्ये हेरॉइनचं नाव काढलं की 'इथे फक्त दारूबद्दल' म्हणून थांबवतात. आता एनएच्या ग्रुपमध्ये माझ्यावरून दोन गट पडलेत, त्यात शेवटच्या प्रार्थनेत देव ठेवायचा की नाही हे जुनं भांडणही वर आलंय. पुढच्या गुरुवारी मतदान आहे आणि जे हरतील ते वेगळा ग्रुप काढणार हे दोन्हीकडच्यांनी आधीच ठरवलंय. ज्या दिवशी सगळ्यात मोठी वादावादी झाली त्या दिवशी एक विशीतला मुलगा पहिल्यांदाच आला होता, तो मधेच उठून गेला तो परत आलाच नाही. मी कुठल्या बाजूला जाऊ? आणि गोळी सोडू का? — ना इथला ना तिथला"

अरे, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं थोडं थांबू शकतं आणि हे नाही थांबू शकत. गोळी सोडू नकोस. स्पॉन्सर म्हणतोय म्हणून नको, मेडल मिळेल म्हणून नको, मतदान कुठेही गेलं तरी नको. कधी कमी करायची, किती हळू करायची, करायची तरी का, हे तू आणि तुझे डॉक्टर मिळून ठरवाल आणि त्या खोलीत तिसऱ्या माणसाला खुर्ची नाही.

मी एवढं ठासून का सांगतेय ते ऐक. गोळी चालू असते तोवर ओढ दबलेली असते आणि शरीराला हेरॉइनच्या जातीच्या औषधाची सवयही राहिलेली असते. गोळी सुटली की सवय उतरत जाते पण ओढ मात्र परत येते, आणि मग एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस जुन्या अंदाजाने, म्हणजे तीन वर्षांपूर्वी जेवढं घ्यायचा तेवढं घेतो, शरीराला ते झेपत नाही आणि श्वास थांबतो. ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं मेथाडोन ही दोन औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत ती उगाच नाहीत, ही औषधं चालू असताना माणूस दगावायचा धोका साधारण निम्म्यावर येतो असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, आणि औषध बंद केल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त धोक्याचे असतात. तुझ्या पत्रातलं "पंधरा दिवसांत होऊन जाईल" हे वाक्य वाचलं आणि मला खरंच भीती वाटली. पत्र पाठवल्यापासून तू एखादा-दोन डोस चुकवले असशील तर आजच डॉक्टरांना फोन कर, काय झालं ते सरळ सांग, ते ओरडणार नाहीत, आणि ओरडलेच तरी ऐकून घे. घरच्यांसाठी नॅलोक्सोन मिळेल का तेही विचारून ठेव, ओव्हरडोसमध्ये श्वास बंद पडायला लागला तर ते वेळेवर दिल्याने जीव वाचतो. तुला लागेलच असं नाही, पण घरात असू दे.

आता मी कुठून बोलतेय ते सांगते. मी स्वतः कधी नशा केली नाही, पण भावाच्या दारूमुळे अल-अनॉनला, म्हणजे घरच्यांच्या मीटिंगला, अकरा वर्षं बसतेय. माझ्या भावाला त्याच्या ग्रुपमधल्या एका जुन्या मेंबरने सांगितलं होतं की डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे कुबड्या, स्टेप्स, म्हणजे ग्रुपच्या बारा पायऱ्या, नीट केल्यास तर त्या गोळ्या लागणार नाहीत. भावाने बंद केल्या. सहा आठवड्यांत तो परत प्यायला आणि नंतरचं वर्ष आमच्या घराने कसं काढलं ते मी इथे लिहिणार नाही. तो जुना मेंबर वाईट माणूस नव्हता रे, रात्री दोनला फोन केला तरी उचलायचा, भावाला त्याने कितीतरी वेळा सावरलं होतं, आणि म्हणूनच भावाने त्याचं ऐकलं. एएच्या स्वतःच्या औषधांवरच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही मेंबरने डॉक्टर होऊ नये, आणि दुसऱ्यांच्या सांगण्यावरून औषधं बंद केलेल्या मेंबरांचं काय झालं तेही तिथे लिहिलंय. ती पुस्तिका मी भाऊ परत प्यायल्यानंतर वाचली.

बरं, आता तुझ्या एनएच्या ग्रुपबद्दल. तुला बरं वाटावं म्हणून मी असं म्हणणार नाही की त्यांनी हा नियम हवेतून काढला. १९९६ मध्ये एनएच्या तेव्हाच्या विश्वस्त मंडळाने मेथाडोनवर एक निवेदन काढलं होतं. त्याचं म्हणणं साधारण असं की हेरॉइनसारख्या नशेच्या जागी दिलेल्या बदली औषधावर असलेला माणूस एनएच्या व्याख्येने क्लीन, म्हणजे नशामुक्त, नाही, त्याचं स्वागत आहे, त्याने यावं, ऐकावं, मीटिंगच्या आधी-नंतर बोलावं, पण मीटिंगमध्ये शेअर करायला किंवा मीटिंग चालवायला द्यायचं की नाही ते ग्रुप ठरवू शकतो. त्यांचं कारणही समजून घे. एएच्या पहिल्या पायरीत दारूचं नाव आहे, एनएने तिथे कुठल्याच पदार्थाचं नाव न घेता सरळ 'आपलं व्यसन' असं घातलं, म्हणजे एक सोडून दुसरं धरायची वाटच बंद. हेरॉइन सोडून दारूवर आलेली, दारू सोडून झोपेच्या गोळ्यांवर गेलेली इतकी माणसं त्यांनी बघितली आहेत की 'डॉक्टरांनी दिलीय' हे वाक्य ऐकलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. तुझ्या स्पॉन्सरच्या मनात बहुतेक हेच असणार.

पण ग्रुप कसे चालवायचे याच्या बारा परंपरा आहेत, आणि त्याच एनएची तिसरी परंपरा म्हणते की मेंबर व्हायला नशा सोडायची इच्छा एवढीच अट आहे, म्हणजे तू मेंबर आहेस, त्यावर मतदान होऊच शकत नाही. आणि दहावी परंपरा म्हणते की बाहेरच्या विषयांवर फेलोशिपचं, म्हणजे सगळ्या संघटनेचं, मत नसतं, आता डॉक्टरांनी काय लिहून द्यावं हा बाहेरचा विषय नाही तर दुसरा कुठला? तुझ्या ग्रुपने 'आमच्या व्याख्येने आम्ही मेडल देत नाही' म्हणणं मला पटत नसलं तरी तो त्यांच्या हातातला निर्णय आहे. सगळ्यांसमोर उभं करून गोळीबद्दल विचारणं हे मात्र कुठल्याही परंपरेत बसत नाही, ते फक्त क्रूर होतं, आणि तुला त्याचं वाईट वाटलं तर त्यात तुझा अहंकार वगैरे शोधत बसू नकोस.

'क्लीन' हा शब्द प्रत्येक फेलोशिपने स्वतःच्या गरजेने घडवलाय हे लक्षात घेतलंस तर तुझ्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरेल असं मला वाटतं. अतिखाण्याच्या फेलोशिपमध्ये, ओव्हरईटर्स अनॉनिमसमध्ये, कुणी जेवण तर सोडू शकत नाही, तर मग संयम म्हणजे नक्की काय, सगळ्यांना एकच डाएट की ज्याचं त्याने ठरवायचं, यावर वर्षानुवर्षं वाद झाले आणि त्यातून वेगळ्या फेलोशिप निघाल्या. लैंगिक व्यसनाच्या फेलोशिप एकाहून जास्त आहेत, एकीत सोबर कशाला म्हणायचं याची सगळ्यांना एकच व्याख्या आहे, विवाहित जोडीदाराशिवाय कुणाशीही संबंध नाही, आणि दुसरीत प्रत्येक जण स्पॉन्सरसोबत बसून स्वतःची यादी करतो. पायऱ्या त्याच बारा आहेत आणि मोजमाप वेगळं आहे. त्यामुळे एनएच्या मोजमापात तू बसत नाहीस एवढंच कळलं, तू तीन वर्षं काय केलंस ते त्यातून कळत नाही. तीन वर्षं सुई नाही, बाटली नाही, रोज सकाळी उठून ठरलेलं औषध ठरलेल्या डोसने घेतलंस, हे तू केलंस. हो, तुझी तीन वर्षं मोजायची, मी तरी मोजतेय.

आणि एक गोष्ट सांगते जी तुझ्या स्पॉन्सरलाही सांग. मेथाडोनचे उपचार ज्यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सुरू केले ते डॉक्टर व्हिन्सेंट डोल हे एएच्या विश्वस्त मंडळावर होते, स्वतः दारूडे नसलेल्या विश्वस्तांपैकी एक. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की एएचे संस्थापक बिल डब्ल्यू. यांनी त्यांना विचारलं होतं, जी माणसं एएत येऊनही परत परत घसरतात त्यांच्यासाठी दारूच्या बाबतीत मेथाडोनसारखं काही शोधता येईल का. म्हणजे ज्याने या पायऱ्या लिहिल्या त्या माणसाला औषधाचं वावडं नव्हतं. हे जुन्या मेंबरांना फारसं माहीत नसतं आणि सांगितलं की शांत होतात, निदान थोडा वेळ.

एएच्या 'फक्त दारू'बद्दल थोडक्यात. तुला तो अपमान वाटला असेल पण माझ्या मते तो अपमान नाही. १९५८ मध्ये बिल डब्ल्यू. यांनी दारूशिवायच्या प्रश्नांवर एक लेख लिहिला, त्यात असं की ज्याला दारूचा प्रश्नच नाही तो एएचा मेंबर होऊ शकत नाही, पण दारूचा प्रश्न आहे आणि वर दुसरी नशाही आहे तो नक्कीच होऊ शकतो. तू दुसऱ्यातला आहेस. तुला तिथे पूर्ण जागा आहे, फक्त बोलताना दारूच्या बाजूने बोल. आणि खरं तर एनए जन्मली तीच यातून, १९५३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात, एएत बसणाऱ्या पण दारूपलीकडची नशा असलेल्या लोकांनी वेगळं बसायचं ठरवलं, आणि एएने म्हटलं पायऱ्या आणि परंपरा घ्या, नाव मात्र आमचं नको. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत असं मी म्हणणार नाही, पण त्या फाटाफुटीतून जी फेलोशिप उभी राहिली तिच्यात आज तुझी खुर्ची आहे, मग तिचं तुझ्याशी जमो न जमो.

प्रार्थनेतल्या देवाचं भांडण तर एएच्या जन्माइतकं जुनं आहे. १९३९ मध्ये एएचं मूळ पुस्तक छापायच्या आधी 'देव' शब्दावर इतकी वादावादी झाली की शेवटी 'आपल्याला जसा समजला तसा' हे शब्द घालून तडजोड करावी लागली. तरी मिटलं नाही, २०११ मध्ये टोरांटोत दोन अज्ञेयवादी ग्रुपांनी पायऱ्यांतून देव काढला म्हणून त्यांना तिथल्या मीटिंगांच्या यादीतून काढलं, पुढे प्रकरण मानवाधिकार न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये ते ग्रुप यादीत परत आले. हे तुझ्या ग्रुपमध्ये गुरुवारी एका संध्याकाळी सुटणार नाहीये, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला ते जोडू देऊ नकोस. मीटिंगच्या सुरुवातीलाच कुणालातरी म्हणायला सांग की हे दोन विषय वेगळे आहेत, वेगळ्या दिवशी घ्या. दोन भांडणांची गाठ बसली की माणसं विषयावर मत देत नाहीत, कोण कुणाबरोबर आहे ते बघून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या अल-अनॉन ग्रुपमध्ये असंच झालं होतं. एका बाईंनी फेलोशिपचं मान्य नसलेलं एक पुस्तक वाचायला आणलं, एवढ्यावरून सुरू झालं, मग भाड्याचे पैसे कोण जास्त देतं ते निघालं, मग कोणाच्या नवऱ्याला खरंच किती वर्षं झाली ते निघालं. शेवटी निम्मे उठून गेले आणि वेगळ्या वारी दुसरीकडे बसायला लागले. मला वाटलं आता घरही गेलं आणि हेही गेलं. दोन महिने मी कुठेच गेले नाही, कारण कुठेही गेले तरी कुणाचीतरी बाजू घेतल्यासारखं होणार होतं. त्या दोन महिन्यांत मी भावाच्या खोलीची झडती घ्यायला परत लागले, बाटल्या मोजायला लागले, जे सगळं मी सोडलं होतं ते. नंतर एक मैत्रीण मला हाताला धरून नव्या ग्रुपला घेऊन गेली, आणि पुढच्या आठवड्यात मी जुन्याला गेले, आणि कुणी काहीही म्हटलं नाही. अजून दोन्ही चालू आहेत, आणि जिथे आधी एक मीटिंग होती तिथे आता आठवड्यातून दोन आहेत.

म्हणून 'कुठल्या बाजूला जाऊ' याचं उत्तर असं की बाजू घ्यायची गरज नाही, खुर्ची घे. एएच्या लोकांतच एक जुनी म्हण आहे की नवीन ग्रुप काढायला एक कॉफीचं भांडं आणि एक राग पुरतो. वेगळा ग्रुप निघाला तर निघू दे, चौथी परंपरा प्रत्येक ग्रुपला आपलं आपण चालवायची मोकळीक देते, आणि ज्या ग्रुपमध्ये तुला बोलू देतील तिथे बोल, ज्यात नाही तिथे हवं असेल तर ऐकायला जा, नको असेल तर जाऊ नकोस. औषधांवर असलेल्यांसाठी वेगळ्या फेलोशिपही निघाल्या आहेत, त्यांच्या मीटिंग ऑनलाइनही असतात, एकदा बसून बघ. तीन मीटिंगना गेलास म्हणून तू कमी प्रामाणिक होत नाहीस.

गुरुवारी तू स्वतः जायचं की नाही? मला वाटतं जा, पण एकटा जाऊ नकोस, जो तुझ्या बाजूने ओरडणार नाही पण शेजारी बसेल असा कुणी घेऊन जा. एकदाच बोल आणि छोटं बोल. वादात जिंकायला जाऊ नकोस, तुझं औषध मतदानाला ठेवलेलंच नाही हे तू सांगायला जातोयस. असं काहीतरी म्हण: "माझे उपचार मी डॉक्टरांसोबत ठरवतो, ते इथे चर्चेला नाहीत. मेडलचं तुम्ही ठरवा. मला मीटिंगमध्ये बोलू द्यावं अशी माझी विनंती आहे." आणि बस. कुणी डोस विचारला तर सांगू नकोस. मतदान झाल्यावर चेअरला विनंती कर की हरलेल्या बाजूला एकदा बोलू द्यावं आणि मग कुणाला मत बदलायचंय का ते विचारावं. बारा संकल्पनांमध्ये, म्हणजे संघटनेचं काम कसं चालवायचं याच्या तत्त्वांमध्ये, अल्पमताचं ऐकायची ही पद्धत मुद्दाम ठेवलेली आहे, आणि माणसं कधी कधी खरंच मत बदलतात, आमच्याकडे एकदा बदललं होतं.

कुणी फारच नियम सांगायला लागला तर त्याला एएतलीच एक गोष्ट सांग. सुरुवातीच्या काळात मुख्य ऑफिसने सगळ्या ग्रुपांकडून मेंबरशिपचे नियम मागवले होते, कुणाला घ्यायचं कुणाला नाही. यादी एकत्र केली तेव्हा लक्षात आलं की हे सगळे नियम सगळीकडे लागू केले असते तर एकही माणूस एएत येऊ शकला नसता. तिसरी परंपरा इतकी मोकळी आहे ती या अनुभवातून.

स्पॉन्सरशी गुरुवारच्या आधीच बोल. त्याला सांग की तुझ्यासोबत मला पायऱ्या करायच्या आहेत, औषधाचा विषय आपल्यात बंद. तो तयार झाला तर छान, त्याची जी काही वर्षं आहेत त्यांचा तुला उपयोगच होईल. नाही झाला तर दुसरा शोध, स्पॉन्सर बदलणं ही गद्दारी नाही, आणि त्याला शत्रू करायचीही गरज नाही. पण 'बघू, विचार करतो' असं म्हणून त्याला लटकवत ठेवू नकोस, कारण तो रोज विचारेल आणि एखाद्या दिवशी तू थकलेला असशील.

राहिला तो मुलगा. तुझं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं आणि दर वेळी त्या एका ओळीवर अडकले. त्या खोलीत तीस-चाळीस वर्षांचा अनुभव भांडत होता आणि तो दाराजवळ बसून बघत होता की सोडलेली माणसं अशी दिसतात. पाचव्या परंपरेप्रमाणे ग्रुपचं मुख्य काम एकच, जो अजून त्रासात आहे त्याच्यापर्यंत पोचणं, आणि त्या दिवशी तो तुमच्याच खोलीत आला होता. त्याने येताना कुणाला तरी नंबर दिला असेल, वहीत लिहिला असेल, सेक्रेटरीकडे विचार. गुरुवारची वाट बघू नकोस, आजच फोन कर. त्याला गटांबद्दल काही सांगू नकोस, गोळीबद्दल त्याने विचारलं तरच सांग. मी त्या दिवशी तिथेच होतो, तू उठून गेलास ते मी बघितलं, चल एकदा बाहेर भेटू, एवढंच म्हण. तो नाही म्हणाला तर दोन दिवसांनी परत कर.